मुलगी विचारते, ‘येशू मला बरं का करत नाही?’

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा सारांश देते. त्या अंगणवाडी सेविका आहेत. पती सुरतेला गाडी चालवतात, महिन्यातून एकदा घरी येतात. मुलगी बारा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. मुलगी चार वर्षांची असताना तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्याचं कळलं. घर ख्रिस्ती आहे, सासूबाई मात्र जुन्या रीतीच्या. या हिवाळ्यात मुलीला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. गावातल्या प्रार्थना गटाचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी मुलीसाठी उपास-प्रार्थना ठेवली, चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या सभेत, डोक्यावर हात ठेवले. गुण आला नाही तेव्हा म्हणाले, ‘घरात कबूल न केलेलं पाप असणार.’ आता म्हणतात, ‘गोळ्या चालू आहेत म्हणजे विश्वास अर्धाच आहे. गोळ्या थांबवा आणि देवाने बरं केलं अशी सगळ्यांसमोर साक्ष द्या.’ सासूबाई म्हणतात, ‘देवमोगरा मातेला विसरलात, त्याचं हे फळ.’ ताई लिहितात : ‘रविवारी गाणं सुरू झालं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मुलीने विचारलं, आई, येशू मला बरं का करत नाही? मी बरी होशील म्हणाले, आणि तेव्हापासून तिच्या नजरेला नजर देता येत नाही. माझी आशा खोटी आहे का? गोळ्या थांबवू का?’

उत्तर :

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते लांबवण्यासारखं नाही. गोळ्या थांबवू नका. एक दिवसही नाही.

तुमच्या मुलीला हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. हायड्रॉक्सियुरियामुळे आजार मुळातून जात नाही, पण बाळ पोटात असताना असतं त्या प्रकारचं हिमोग्लोबिन रक्तात वाढतं. त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचं प्रमाण घटतं आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबून होणाऱ्या त्या भयंकर वेदना कमी वेळा येतात. तिचा परिणाम दिसायला काही महिने जातात आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. आपल्या मनाने बंद केली तर मिळवलेलं सगळं जातं. गोळी कमी करायची की वाढवायची, हे रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी ठरवायचं. भाऊंनी नाही, मीही नाही.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज एक ओळ लिहून गेलात. दुसऱ्यांदा दवाखान्यात नेलं ते उपासाच्या शेवटच्या दिवशी, आणि मुलीनेही तुमच्याबरोबर निर्जळी धरली होती. ताई, हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. तुम्ही लेकीसाठी जे सांगितलं ते सगळं केलंत. पण सिकलसेलच्या रुग्णाला अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, ताप आणि अतिश्रम या चार गोष्टी वेदनेच्या झटक्यात ढकलतात. तिच्यासाठी निर्जळी म्हणजे थेट धोका. यापुढे उपास धरायचाच असेल तर मोठ्यांनी धरावा. मुलीच्या दप्तरात पाण्याची बाटली, आणि चैत्र-वैशाखात एकाऐवजी दोन.

आता ‘विश्वास अर्धा’ या बोलण्याकडे येऊ. भाऊ पवित्र शास्त्र वाचणारे आहेत, तेव्हा शास्त्रातूनच विचारू. ज्या प्रेषित पौलाच्या हातून लोक बरे झाले असं आपण वाचतो, त्याचाच सोबती त्रफिम मिलेत गावी आजारी पडला आणि पौल त्याला तसाच आजारी ठेवून पुढे गेला. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याला पोटाचं दुखणं होतं. त्याला पौलाने ‘विश्वास वाढव’ असं लिहिलं नाही, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं. त्या काळचं औषधच ते. पौलाच्या स्वतःच्या शरीरात एक काटा होता. तो काढ म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, उत्तर आलं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असं. आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक हा वैद्य होता. या सगळ्यांचा विश्वास अर्धा होता, असं भाऊ म्हणतील का? (चंगाई सभेच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत वचनं छापणाऱ्यांनी मंडपाच्या एका कोपऱ्यात सिकलसेल तपासणीचं टेबल लावलं, तर आपल्या पट्ट्यात त्याहून मोठी साक्ष होणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.)

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त अडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. भाऊ आणि सासूबाई एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत असं तुम्हाला वाटतं. एक म्हणतात पाप लपवलंत, दुसऱ्या म्हणतात देवी सोडलीत. पण दोघांचा हिशेब एकच आहे ना? दुखणं म्हणजे वरून आलेलं बिल, आणि ते कोणाच्या नावावर फाडायचं एवढाच वाद. तुम्ही या दोघांच्या मधे उभ्या राहून दोन्हीकडून ते बिल आपल्या नावावर घेत आहात.

हा हिशेब येशूसमोरही मांडला गेला होता. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो म्हणाला, याचंही नाही, आईबापांचंही नाही. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्याने हेच विचारलं : ती अठरा माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? संकटांनी घेरलेल्या ईयोबाच्या मित्रांनी तर त्याच्या नावाच्या पुस्तकात पानंच्या पानं भरून त्याचं पाप शोधलं. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो आणि म्हणतो, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब. ज्याने देवाशी भांडण काढलं तो ईयोब, हे लक्षात घ्या. मित्रांचं एकच काम चांगलं झालं होतं. सुरुवातीला सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

आणि या आजाराचं कारण तर आता माहीतच आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांच्याही अंगात या आजाराचा एकेक जनुक असला, की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता अशी असते की बाळाला दोन्हीकडून तोच जनुक मिळेल आणि आजार होईल. वाहक माणूस स्वतः बहुधा धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. उलट एकाच बाजूने हा जनुक मिळालेल्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या हिवतापाने माणसं मरत होती, अशा जंगलपट्ट्यांत तो टिकून राहिला. तुमच्या सासरच्या आणि माहेरच्या कोण्या पणजोबांना सातपुड्याच्या पायथ्याशी ज्याने पावसाळ्यात जगवलं असेल, तेच दोन्हीकडून एकत्र आलं आणि नातीच्या हाडांत दुखायला लागलं. यातून ‘बघा, देवाची काय योजना’ असा अर्थ मी काढत नाही. बारा वर्षांच्या पोरीच्या किंकाळीवर अशी वाक्यं ठेवू नयेत. एवढंच म्हणते, की यात पाप शोधायला जागाच नाही.

सासूबाईंविषयी एक गोष्ट. तुमच्याच पत्रात आहे की रात्री मुलीचे पाय धरले की त्याच पहिल्या उठतात, चुलीवर पाणी तापवतात आणि लुगड्याचा पदर गरम पाण्यात पिळून तिच्या पोटऱ्यांना गुंडाळतात. त्यांच्या म्हणण्याला उत्तर देत बसू नका. त्या पदराला द्या. दुखणं सुरू व्हायच्या खुणा कोणत्या, ताप किती झाला की थांबायचं नाही, हे त्यांना शिकवा. तुम्ही अंगणवाडीत असताना मुलीजवळ त्याच असतात.

आता गाण्याचं. तुम्ही लिहिता की आशा असती तर गाता आलं असतं. मला हे मुळातच पटत नाही. आपल्या मंडळ्यांत एक समजूत घट्ट बसली आहे की विश्वासणाऱ्याने रडायचं नसतं, आणि त्यासाठी थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं वचन काढलं जातं : आशा नसलेल्या इतरांसारखा खेद करू नका. त्यात खेद करू नका असं म्हटलेलं नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, असं आहे. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर मेला, त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला. अजून घटकाभराने आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला. मार्था आणि मरीया दोघींनी त्याला तोंडावर ऐकवलं, ‘तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता,’ आणि त्याने एकीलाही ‘विश्वास कमी पडला’ म्हटलं नाही. वधस्तंभावर तर तो स्वतःच विचारतो, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? हे शब्द पवित्र शास्त्रातल्या बाविसाव्या स्तोत्रातले आहेत. म्हणजे त्या घटकेला त्याच्या ओठांवर गाणंच होतं, पण कोणतं गाणं ते बघा.

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून वाचा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, ‘तरीपण मी तुझी स्तुती करीन’ असं म्हणतात. हे तसं म्हणत नाही. अंधारात सुरू होतं, अंधारातच संपतं. ज्या कोणी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते काढून टाकलं नाही, मागून एक गोड ओळही जोडली नाही. रविवारी सगळे टाळ्या वाजवत असताना तुम्ही गप्प उभ्या राहिलात तर तुम्ही मंडळीबाहेर गेलात असं नाही. मनातल्या मनात अठ्ठ्याऐंशीवं म्हणत असाल तर तीही उपासनाच.

मग आशा राहिली कुठे, असं तुम्ही विचाराल. मला ती यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात सगळ्यात स्वच्छ दिसते. हल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरवर यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय असतो, तुमच्या हिताचे संकल्प वगैरे. ते वचन खरंच आहे, पण ते ज्यांना लिहिलं गेलं त्यांना त्याच पत्रात हेही सांगितलं होतं की अजून सत्तर वर्षं परमुलखात काढायची आहेत. तेवढं कॅलेंडरवाले छापत नाहीत. बत्तिसाव्या अध्यायाचं कॅलेंडर मी कुठे पाहिलेलं नाही.

इसवी सनापूर्वी 587 च्या सुमाराची गोष्ट. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, तटाला मोर्चे लागलेत, शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगतो आहे आणि म्हणूनच राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात डांबून ठेवलंय. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. शत्रूने घेरलेल्या मुलखातलं शेत! आपल्या खान्देशातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने हात जोडले असते. यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. मग तो आपला लेखनिक बारूख याला सांगतो, दोन्ही कागद मातीच्या मडक्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील. वनपट्ट्याच्या कागदासाठी धडगाव-अक्कलकुव्याकडून तालुक्याच्या कचेरीत फेऱ्या घालणाऱ्या माणसांना हे मडकं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि व्यवहार झाल्यावर यिर्मया काय करतो? प्रार्थना करतो आणि देवालाच विचारतो : तटाला मोर्चे लागलेत, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? म्हणजे खात्री पटली आणि मग पैसे मोजले, असं झालेलं नाही. आधी पैसे मोजले, शंका नंतर बोलून दाखवली. वेढा त्यानंतर उठलाही नाही, शहर पडलंच.

ताई, तुमची आशा खोटी आहे का असं विचारता. तुम्ही दर महिन्याला एसटीने मुलीला घेऊन रक्त तपासायला जाता. पुढच्या वर्षीच्या शाळेच्या गणवेशाला शिलाईत दोन इंच जास्त कापड ठेवायला शिंप्याला सांगितलंत, असंही पत्रात आहे. वेढ्यात राहून घेतलेलं शेतच ते. ख्रिस्ती माणसाची आशा, मला समजते ती, ‘दुखणं येणार नाही’ या हमीवर उभी नाही. ती एका कबरेवर उभी आहे, जी रिकामी सापडली. आणि त्यातून उठलेल्याच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा गेलेल्या नव्हत्या. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने त्याच दाखवल्या. उद्या सगळं नवं होईल असं ज्याला खरोखर वाटतं, तो आज गोळी वेळेवर देतो, पाणी पाजतो, रडतो आणि शिंप्याला कापड जास्त ठेवायला सांगतो.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच 1882 मध्ये पती गेले, आणि अखेर 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. त्यांच्या प्रार्थना कमी पडल्या असं म्हणायची छाती कोणाची आहे? मनोरमेनंतरचे जे थोडे महिने हाती होते, त्यात त्या पवित्र शास्त्राच्या आपल्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, आणि एप्रिल 1922 मध्ये गेल्या.

आता मुलीला काय सांगायचं. तुम्ही ‘बरी होशील’ म्हणालात त्याचं ओझं घेऊ नका, कुठल्याही आईच्या तोंडून तेच निघालं असतं. पण बारा वर्षांच्या मुलीला अर्धं कळलेलं असतं, आणि उरलेलं ती आपल्या चेहऱ्यावरून वाचते. तेव्हा त्या वाक्याला पुढचं वाक्य जोडा. एखाद्या बऱ्या दिवशी, दुखत नसताना, भाजी निवडताना वगैरे. असं काहीसं : ‘मी त्या दिवशी बरी होशील म्हणाले. हा आजार पूर्ण जाईल की नाही, ते मला माहीत नाही. आजच्या गोळ्यांनी तो जात नाही, पण दुखणं कमी होतं. येशू का थांबलाय हे मलाही कळत नाही. मीही त्याला विचारते, तूही विचार, रागावून विचारलंस तरी चालेल. तुझ्या किंवा माझ्या चुकीने हे झालेलं नाही. आणि दुखेल तेव्हा मी असेन.’ याहून जास्त बोलू नका. ती काय विचारते ते ऐका. बहुधा ती देवाविषयी विचारणारच नाही; विचारेल की मी मोठी झाल्यावर नोकरी करीन का, माझं लग्न होईल का. त्याची उत्तरं चांगली आहेत. नीट उपचार घेणारी सिकलसेलची माणसं शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. लग्न ठरवताना समोरच्याची रक्ततपासणी करायची, एवढं तिला आतापासून माहीत असू द्या.

भाऊंचं काय करायचं, हा खरा अवघड भाग. गट सोडा असं मी चटकन म्हणणार नाही. मुलगी दवाखान्यात होती तेव्हा याच गटातल्या बाया दोन वेळचा डबा घेऊन येत होत्या, धाकट्याला आळीपाळीने घरी सांभाळत होत्या, असं तुम्हीच लिहिलंय. पती सुरतेला असताना ही माणसं तोडणं सोपं नाही, आणि तोडायचं कारणही नाही. पण रेघ ओढा. एकट्या जाऊ नका. पती घरी असतील त्या वेळी, शक्य तर तुमच्या मंडळीच्या पाळकांना सोबत घेऊन भाऊंना सांगा, ‘प्रार्थना करा, हात ठेवा, आम्हाला हवी आहे. गोळ्यांविषयी आणि मुलीच्या उपासाविषयी तुम्ही बोलायचं नाही. आणि मुलीसमोर पापाचा शब्द काढायचा नाही.’ साक्ष द्यायला सांगितलं तर जे झालंय तेवढंच सांगा. ‘दोनदा दवाखान्यात होतो, बहिणींनी डबे आणले, मुलगी शाळेत परत गेली,’ ही पुरेशी साक्ष आहे. बरी झाली असं सांगून टाळ्या घेतल्या तर पुढच्या झटक्याला कण्हतानाही त्या पोरीला अपराधी वाटेल. भाऊ ऐकतील असं मला वाटतं. माणूस वाईट असता तर तीन दिवस स्वतः उपाशी राहिला नसता. नाहीच ऐकलं, तर मग गट सोडा आणि डबा आणणाऱ्या बायांशी नातं ठेवा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण जूनच्या वादळात केळीचा बाग आडवा झालेल्या रावेर-यावलच्या घरातही हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला जातो : कोणाकडे भेटीला गेलात तर कारण सांगू नका. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य घरी ठेवून जा, त्याऐवजी दवाखान्याच्या फेरीला सोबत जा.

थोडी कामाची माहिती. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे; प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करा. एसटीच्या सवलतीची आगारात चौकशी करा. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय तुम्हाला जवळ पडत असेल तर तिथेही दाखवता येईल. आणि घरातल्या सगळ्यांना पाठ असावं : ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखलं किंवा धाप लागली, पोट एकदम फुगलं, मुलगी पांढरीफटक पडली, हात-पाय किंवा बोलणं लुळं पडलं, तर प्रार्थना गाडीत बसून करायची.

धाकट्याची तपासणी ‘राहून गेली आहे’ असं तुम्ही पत्राच्या समासात लिहिलंय. भीती वाटते म्हणून राहिली असेल, ते समजतं. पण तो वाहक आहे, आजारी आहे की दोन्ही नाही, हे कळल्याने त्याच्या रक्तात काही बदलणार नाही, फक्त तुमच्या हातात वेळ येईल. पुढच्या महिन्यात मुलीला घेऊन जाल तेव्हा त्यालाही न्या. पतींची सुट्टी त्या दिवसाला जुळवता आली तर बघा, आणि रिपोर्ट काय आला ते मला कळवा.